स्कोलिओसिस ऑपरेशनसाठी घेतलेली पिकर स्टिक: नक्की घ्या

लेकीच्या स्कोलिओसिसच्या (पाठीचा कणा बाजूला वाकलेला असतो) ऑपरेशनसाठी हॉस्पिटलची बॅग भरताना ही वस्तू घेतली, टोकाला चिमटा असलेली लांब काठी, मुठीतला ट्रिगर दाबला की चिमटा मिटतो. या ऑपरेशनमध्ये, म्हणजे स्पायनल फ्युजनमध्ये, मणके एकमेकांना जोडायला रॉड आणि स्क्रू लावतात, नंतर बरेच दिवस वाकायचं नाही, पाठ पिळायची नाही, जड उचलायचं नाही, त्यामुळे बेडवरून रुमाल पडला तरी दरवेळी कुणालातरी हाक मारावी लागते आणि १४ वर्षांच्या पोरीला ते अजिबात आवडत नाही हो! हिने चार्जरची वायर, चादरीचं टोक, पायातली स्लीपर सगळं स्वतः ओढून घेतलं. चिमट्याच्या आतलं रबर मस्त पकडतं, पण मोबाईल मात्र सटकतो, तो याने उचलूच नका. फोल्डिंगवाली घेऊ नका, मधला जॉइंट हलतो. आणि ऑपरेशनच्या आधीच घरी वापरायची सवय करा, कुशीवर वळताना खांदे-कंबर एकत्रच फिरवायची प्रॅक्टिस पण तेव्हाच. सोबत पुढून बटणांचे सैल शर्ट आणि सॅटिनची पँट घ्या, बेडवर सरकायला खूप सोपं जातं.