गूगलटेस्ट: टेस्टसाठी पक्कं, पण जोडताना जपून

सी++ मधल्या मुक्तस्रोत लायब्ररीसाठी टेस्ट फ्रेमवर्क म्हणून गूगलटेस्ट आम्ही बिनदिक्कत सुचवू. त्यातली एक्स्पेक्ट प्रकारची तपासणी फसली तरी टेस्ट पुढे चालते, असर्ट प्रकारची फसली की ते फंक्शन तिथेच थांबतं. हा साधा भेद रोज कामी येतो. मॉकसाठी (टेस्टमध्ये खऱ्या घटकाच्या जागी वापरायचे नकली ऑब्जेक्ट) गूगलमॉक सोबतच मिळतं. परवाना बीएसडीचा, तीन कलमी. कस लागतो तो प्रकल्पात जोडताना.

आधीच कंपाइल केलेली लायब्ररी कुठून तरी उचलून लिंक करू नका. तिचे आणि तुमचे कंपायलर फ्लॅग जुळले नाहीत, तर एकाच क्लासच्या दोन व्याख्या एका बायनरीत शिरतात. मग टेस्ट भलत्याच जागी कोसळतात आणि दोष मात्र तुमच्या कोडात शोधला जातो. सोर्स आणून आपल्याच बिल्डमध्ये कंपाइल करावा. विंडोजवर त्याआधी जीटेस्ट_फोर्स_शेअर्ड_सीआरटी हा पर्याय ऑन करा, नाहीतर रनटाइम लायब्ररी जुळत नाही म्हणून लिंकर अडतो.

सीमेक या बिल्ड साधनात यासाठी फेचकन्टेन्ट आहे, ते सोर्स आपोआप आणतं. त्यात टॅग म्हणून मेन शाखा देणं म्हणजे कुणाच्या तरी कमिटने आपला सीआय (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणारा बिल्ड आणि टेस्ट) लाल होण्याची वाट पाहणं. गूगलटेस्टला आवृत्ती १.१३ पासून सी++१४ लागतं, १.१७ पासून सी++१७. सी++११ वर असलेल्या प्रकल्पांनी १.१२.१ वरच थांबावं. पूर्ण कमिट हॅश देणं सर्वात भरवशाचं. गिटहब आपोआप बनवतं त्या आर्काइव्हचा शा-२५६ (फाइल तीच आहे का हे पडताळायचा चेकसम) कायम राहीलच असं नाही: जानेवारी २०२३ मध्ये तिथलं कॉम्प्रेशन बदललं आणि बदल मागे घेईपर्यंत अनेकांचे बिल्ड तुटले.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे, तुमची लायब्ररी वापरणाऱ्याला गूगलटेस्ट डाउनलोड करायला लावू नका. फेचकन्टेन्टचा सगळा भाग प्रोजेक्ट_इज_टॉप_लेव्हल आणि बिल्ड_टेस्टिंग या दोन्ही अटींच्या आत ठेवा (पहिली सीमेक ३.२१ पासून आहे). इन्स्टॉल_जीटेस्ट हा पर्याय ऑफ करा. विसरलात तर तुमच्या इन्स्टॉलबरोबर जीटेस्टचे हेडरही लोकांच्या सिस्टिमवर जातात. डेबियनसारख्या लिनक्स डिस्ट्रोंचे बिल्ड नेटवर्कशिवाय चालतात, म्हणून सीमेक ३.२४ मधलं फाइंड_पॅकेज_आर्ग्स वापरून आधी सिस्टिमवरची प्रत शोधू द्या. पॅकेज करणारे तुमचे आभार मानतील.

क्रॉस-कंपाइल करणाऱ्यांसाठी, म्हणजे एका प्रोसेसरवर दुसऱ्यासाठीची बायनरी बनवणाऱ्यांसाठी, आणखी एक. सीमेकमधलं जीटेस्ट_डिस्कव्हर_टेस्ट्स बिल्ड होताच बायनरी चालवून टेस्टची यादी काढतं; आर्मसाठी बनवलेली बायनरी एक्स८६ वर चालणार नाही आणि बिल्ड तिथेच फसेल. डिस्कव्हरी_मोड प्री_टेस्ट ठेवा.

मॉक लागतच नसतील आणि लायब्ररी छोटी असेल, तर डॉकटेस्ट हे टेस्ट फ्रेमवर्क घ्या. एकच हेडर, एमआयटी परवाना, रेपोतच ठेवता येतं आणि डाउनलोडचा प्रश्नच उरत नाही. कॅच२ या आणखी एका फ्रेमवर्कमध्ये एकाच हेडरची ही सोय आवृत्ती ३ पासून तशी राहिलेली नाही. एकत्र केलेली जोडफाइल मिळते, पण हेडरसोबत एक सीपीपीही कंपाइल करावी लागते.