ऑगस्टअखेर माँटानात ट्राउट: धरणाखालची नदी घ्यायची की डोंगरातली?

लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आसपास यलोस्टोन बघायला निघणारी मराठी मंडळी दरवर्षी बरीच असतात, कुणी सिअ‍ॅटलहून, कुणी डेन्व्हरहून, कुणासोबत भारतातून आलेले आईबाबा, आणि त्यात ज्यांना फ्लाय फिशिंगचा, म्हणजे फ्लाय नावाचा किड्यासारखा दिसणारा हलका गळ टाकून मासे पकडायचा, नाद लागलाय त्यांचा प्रश्न ठरलेला असतो की माँटानातल्या बोझमनला उतरतोय, हाताशी दोन दिवस आहेत, कुठल्या नदीवर जाऊ. बहुतेक जण नाव ऐकून ठरवतात. मॅडिसन फेमस आहे ना, मग मॅडिसन. जूनअखेर किंवा सप्टेंबरच्या शेवटी तसं केलं तरी चालून जातं, पण ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात नदी निवडायची ती पाणी किती गार आहे ते बघून, बाकी सगळं त्याच्यानंतर.

ट्राउट या गार पाण्यातल्या माशाला 10 ते 16 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. 19-20 च्या वर गेलं की त्याला दम लागतो, कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो आणि त्याच वेळी माशाच्या शरीराला मात्र जास्त लागतो, म्हणजे दोन्हीकडून मार. अशा पाण्यात तुम्ही मासा खेळवला, फोटो काढला, प्रेमाने सोडला, तो पोहत गेलाही, तरी नंतर खाली जाऊन मरण्याची शक्यता बरीच असते, आणि ते आपल्याला दिसत नाही. म्हणून 20 अंश म्हणजे 68 फॅरनहाइट झालं की रॉड गुंडाळायचा, हा मी मानतो तो नियम. माँटानाचं मत्स्य खातं साधारण 73 फॅरनहाइट सलग तीन दिवस दिसलं की त्या पट्ट्यात दुपारी 2 ते मध्यरात्र मासेमारी बंद करतं, त्याला सगळे हूट आउल म्हणतात. पण 68 आणि 73 च्या मधल्या पाच अंशांत कायदा काही बोलत नाही, तिथे आपणच ठरवायचं असतं.

आता नद्यांकडे. ढोबळ दोन जाती आहेत. एक धरणाखालची, जिथे खोल जलाशयातलं गार पाणी सोडलेलं असतं आणि विसर्ग बऱ्यापैकी एकसारखा राहतो. दुसरी डोंगरातून मोकळी वाहणारी, बर्फ वितळलं की जूनमध्ये दुथडी भरून आणि ऑगस्टअखेर दगड उघडे पडलेली. आपल्याकडे पावसाळ्यात बातम्यांत खडकवासल्यातून इतके क्यूसेक सोडले असं ऐकतो ना, तेच क्यूसेक इथेही बघायचे, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची मोजणी केंद्रं नदीनदीवर आहेत, विसर्ग तर जवळपास सगळीकडे आणि बऱ्याच ठिकाणी तापमानसुद्धा ऑनलाइन लाइव्ह दिसतं. बुकिंग करायच्या आधी मागच्या आठवड्याचा आलेख बघा, एका दिवसाचा आकडा नको. आलेखात अजून एक गोष्ट कळते, पाणी सगळ्यात तापलेलं असतं ते दुपारी बारा वाजता नाही तर संध्याकाळी पाच-सहाला, आणि सगळ्यात गार पहाटे. संध्याकाळी हवा छान गार झाली म्हणून नदीवर जाणारे लोक नेमक्या वाईट वेळी पोचतात. उन्हाळ्यात संध्याकाळची मासेमारी म्हणजे मजा असं आपण ऐकलेलं असतं, पण उष्णतेच्या लाटेत ती सोडूनच द्या.

धरणाखालच्यात दोनच नावं घेतो, बिगहॉर्न आणि मिझूरी.

बिगहॉर्न यलोटेल धरणाखाली आहे, 525 फूट उंच धरण, त्यामुळे खालून येणारं पाणी भर ऑगस्टमध्ये पण पायाला झोंबतं. बोझमनहून साडेतीन तास तरी लागतात, बिलिंग्ज ओलांडून फोर्ट स्मिथ गाठायचं, रस्त्यात बघण्यासारखं फार नाही आणि गावातही फार काही नाही, मासेमारीची दुकानं, लॉज, बस्स. म्हणजे कुटुंब सोबत असेल तर त्यांचा दिवस तिथे वाया. पण ज्याला पहिल्यांदा व्यवस्थित ट्राउट पकडायचाय आणि कास्टिंग, म्हणजे दोरी फेकणं, अजून जेमतेम जमतंय त्याच्यासाठी याच्याइतकी खात्रीची नदी दुसरी नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इथे होडीतून इंडिकेटर, म्हणजे दोरीवरची तरंगणारी खूण, लावून निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय, सोडत जायचं असतं, लांब कास्ट लागत नाही, गाइड होडी धारेच्या वेगाने नेतो आणि तुम्ही फक्त इंडिकेटर बुडतोय का ते बघायचं. गाइडचा दिवसाचा खर्च दोघांत मिळून सातशे डॉलरच्या आसपास किंवा वर जातो, टिप वेगळी, तो हिशोब आधीच करून ठेवा. एक लक्षात असू द्या, नदी क्रो या मूळनिवासी जमातीच्या राखीव भूमीतून (रिझर्व्हेशन) जाते, सार्वजनिक धक्क्यांवरूनच पाण्यात उतरायचं आणि काठावरच्या जमिनीत घुसायचं नाही.

मिझूरी म्हणजे होल्टर धरणाखालचा पट्टा, क्रेग नावाचं इवलंसं गाव मध्यभागी धरा. बोझमनहून सव्वादोन तासांच्या आसपास, हेलेना वाटेत. पाणी बिगहॉर्नइतकं गार नसतं, उकाड्याच्या वर्षी 18-19 पर्यंत चढतं, आणि जसजसं कॅस्केड गावाच्या खाली जाल तसतसं आणखी तापतं, त्यामुळे जायचंच तर धरणाजवळचा वरचा भाग घ्या आणि थर्मामीटर सोडू नका. पण इथली सकाळ! ट्रायको नावाचे तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक काळे किडे ऊन चढू लागलं की पाण्यावर ढगासारखे घिरट्या घालतात, अंडी टाकतात आणि मरून पंख पसरून पडतात, आणि मग संथ पाण्यात एकामागे एक नाकं वर येताना दिसतात, कधी वीसेक मासे एका ओळीत, प्रत्येक जण आपापल्या तालात. मासा किड्यामागे धावत नाही, तोंड उघडून एका जागी उभा राहतो आणि वरून जे येतंय ते गिळतो. म्हणजे तुमची 20-22 नंबरची, म्हणजे अगदी बारीक, फ्लाय त्याच्या नाकासमोरच्या वीतभर पट्टीतून गेली पाहिजे आणि त्याच्या तोंड उघडायच्या क्षणी गेली पाहिजे, लीडर, म्हणजे फ्लायच्या आधीची पारदर्शक दोरी, बारा फुटी, टिपेट, म्हणजे तिचं शेवटचं टोक, बारीक, आणि फ्लाय जरा जरी ओढली गेली की तो मासा खाली. ज्याला ड्राय फ्लायचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचं, वेड आहे त्याला हा स्वर्ग आहे. नवशिक्याला मात्र शंभर मासे डोळ्यांसमोर आणि एकही हाती नाही असं होतं, आणि त्यात ऑगस्ट-सप्टेंबरला पाण्यातलं गवत इतकं माजलेलं असतं की निम्फ टाकली की दर दुसऱ्या कास्टला गळावर हिरवा गुंता. म्हणून मिझूरी अनुभवी माणसाने निवडावी, पहिल्यांदा जाणाऱ्याने नको.

डोंगरातल्या नद्यांत गॅलाटिन सगळ्यात सोयीची. बोझमनहून अर्ध्या-पाऊण तासात कॅन्यन सुरू होतो, महामार्ग 191 नदीच्या कडेकडेने जातो, गाडी लावा आणि उतरा. वरच्या भागात होडीतून मासेमारी करायला बंदीच आहे, सगळे पायी, त्यामुळे होड्यांची गर्दी नाही आणि गाइड नसला तरी अडत नाही. कॅन्यनमध्ये सावली असते, पाणी बऱ्यापैकी गार राहतं, पण कॅन्यनमधून बाहेर पडून नदी सपाटीला आली की शेतीसाठी पाणी उचललं जातं, उरलेलं पातळ पाणी उन्हात तापतं, तिकडे या दिवसांत जायचं नाही. मासे बिगहॉर्नएवढे मोठे नाहीत, फूटभर रेनबो ट्राउट म्हणजे चांगला. ऑगस्टच्या सकाळी नऊ-दहाला फरच्या झाडांवरून स्प्रूस मॉथ, म्हणजे करडे-तपकिरी पतंग, पाण्यात टपटप पडतात आणि तेवढा तास-दीड तास मासे अक्षरशः विचार न करता वर येतात. घरचे सोबत असतील, त्यांना बिग स्कायला नाश्त्याला सोडून आपण तीन तास उतरायचं असेल, तर गॅलाटिन. यापेक्षा सोपं काही नाही.

आणि मग यलोस्टोन पार्कचा ईशान्य कोपरा, तिथल्या लमार, सोडा ब्यूट, स्लू क्रीक या नद्या. बोझमनहून गार्डिनरमार्गे अडीच-तीन तास, जून 2022 च्या पुरात तिथला रस्ता वाहून गेला होता, त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत परत जोडला. माझं मन इथे आहे हे लपवत नाही. इथला मासा कटथ्रोट ट्राउट, गळ्याखाली केशरी-लाल रेघ असलेला, इथलाच मूळचा, बाहेरून आणून सोडलेला नाही. आजूबाजूला गवताळ माळ, त्यामुळे ऑगस्टअखेर वाऱ्याने नाकतोडे पाण्यात उडून पडतात आणि मोठी, तरंगणारी, लांबूनही दिसणारी फ्लाय चालते. कटथ्रोट वर येतो तो सावकाश, पूर्ण अंग दाखवत, तोंड मोठं उघडत, आणि आपला हात लगेच उचलला जातो, आणि गळ तोंडातून तसाच सुटून येतो. तोंड मिटून मान खाली जाईपर्यंत थांबायचं. हे सांगायला सोपं आहे, प्रत्यक्षात हात थांबत नाही.

इथलं वेळापत्रक पण उलटं चालतं. उंची दोन हजार मीटरच्या आसपास, सप्टेंबर लागताना रात्री गोठणबिंदूजवळ जातात, त्यामुळे पहाटे पाणी उलट फार गार असतं आणि मासे दहा-अकरानंतर हलतात. म्हणजे सकाळी प्राणी बघा, घरच्यांना लांडगे-बायसन दाखवा, आणि मग नदी. कुटुंबाच्या ट्रिपमध्ये हे इतकं छान बसतं की मला दुसरा पर्याय सुचत नाही. तोटे आहेत. दुपारी वादळी पाऊस झाला की लमार काही तासांत चिखलाच्या रंगाची होते आणि कधी दोन दिवस तशीच राहते, तेव्हा सोडा ब्यूटवर किंवा स्लू क्रीकवर सरकायचं, ते लवकर निवळतात. गर्दी आहे, रस्त्याजवळचे मासे शहाणे झालेत, अर्धा तास चालत गेलात की बराच फरक पडतो, पण चालायचं तर अस्वलाचा स्प्रे कमरेला हवाच, बॅगेत नको. बायसनपासून 25 यार्ड, अस्वल-लांडग्यापासून 100 यार्ड हा पार्कचा नियम, आणि बायसन तुमच्या लाडक्या डोहावर पाणी प्यायला आला तर तो डोह त्याचा.

कुठे जाऊ नका तेही सांगतो. पार्कातली फायरहोल गरम झऱ्यांमुळे उन्हाळ्यात आधीच तापलेली असते, जून किंवा सप्टेंबरअखेर सुंदर, आत्ता नाही. खालची मॅडिसन, म्हणजे एनिस तलावाच्या खालची, ही लोकांना फसवते कारण वर धरण आहे म्हणून पाणी गार असेल असं वाटतं, पण तो तलाव उथळ आहे, उन्हात तापतो आणि तेच तापलेलं पाणी खाली सुटतं. क्वेक लेकच्या खालची वरची मॅडिसन बरी, तिथे सकाळी जायला हरकत नाही. आणि पॅरडाइज व्हॅलीतली यलोस्टोन नदी, नाकतोड्यांसाठी नावाजलेली, पण उकाड्याच्या वर्षी मी तिला हात लावणार नाही. ऑगस्ट 2016 मध्ये तिथे पाणी कमी आणि गरम झालेलं असताना मूत्रपिंडाचा एक परजीवी रोग पसरला, हजारो व्हाइटफिश मेले आणि राज्याने 183 मैल नदी सगळ्यांसाठी बंद केली, मासेमारीच नाही तर राफ्टिंग, पोहणं सगळं. रोग आधीपासून असू शकतो, पण गरम पाण्यात थकलेला मासा त्याला तोंड देऊ शकत नाही.

मग ठरवायचं कसं? 20 ऑगस्टच्या आधी जाताय आणि उकाडा आहे, तर बिगहॉर्न, नाहीतर गॅलाटिन कॅन्यन फक्त सकाळी. लेबर डेच्या सुमाराला, रात्री गार व्हायला लागल्यावर, तर पार्कचा ईशान्य कोपरा, आणि पावसाने गढूळ झाला तर गॅलाटिनवर परत. एकटे किंवा मित्रासोबत जाताय, हात बसलेला आहे, अवघड माशाचीच भूक आहे, तर मिझूरी, पहाटे उठायची तयारी ठेवून. वणव्यांचा धूर या दिवसांत कुठेही येऊ शकतो, दमा असलेलं कुणी सोबत असेल तर हवेच्या गुणवत्तेचा आकडा आधी बघा.

परवान्याचं नीट समजून घ्या, पार्कमध्ये माँटानाचं लायसन्स चालत नाही, पार्कचं वेगळं परमिट काढावं लागतं, आणि बाहेर पार्कचं परमिट चालत नाही, म्हणजे गॅलाटिन आणि लमार दोन्ही करणार तर दोन्ही. पार्कमध्ये बिनकाट्याचा, म्हणजे टोकाला उलटा दाता नसलेला, गळ, शिशाची वजनं नाहीत, कटथ्रोट सोडायचाच. 2018 पासून फेल्टच्या तळव्याचे बूटही बंद, कारण ओल्या फेल्टमधून एका नदीतले जंतू दुसऱ्या नदीत जातात. रबरी तळव्याचे घ्या, दोन नद्यांच्या मध्ये धुऊन पूर्ण वाळवा.

थर्मामीटर दहा-पंधरा डॉलरला मिळतो, दोरी बांधून वाहत्या पाण्यात, गुडघाभर खोल, सावलीच्या बाजूला मिनिटभर धरायचा, काठाच्या साचलेल्या पाण्यात नको, तिथे आकडा खोटा येतो. एकदा उतरताना आणि मग दर तासाला. 18 झालं की मासा लवकर आत घ्या, त्यासाठी टिपेट जरा जाड लावा. हात आधी ओले करा, जाळी पाण्यातच ठेवा, गळ पाण्याखालीच काढा, तोंड धारेकडे करून धरा, पुढे-मागे हलवू नका, कल्ले नीट उघडमीट करू लागले आणि शेपटीने जोर दिला की तो स्वतःच जातो. फोटो हवाच असेल तर जोडीदाराचा कॅमेरा तयार झाल्यावर दोन सेकंद वर, पाणी ठिबकतंय तोवर, आणि परत खाली. 20 ला थांबायचं, समोर मासे वर येत असले तरी.