कमी उजेडाच्या खोलीला कोणता रंग: शुभ्र पांढरा, मोतिया, फिकट रंग की गडद?

मुंबई-पुण्यातील जुन्या-नव्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर अशी एखादी खोली हमखास असते, जिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे किंवा डक्टकडे उघडते आणि जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. अशा खोलीचा रंग ठरवताना साधारणपणे चार पर्याय समोर येतात: शुभ्र पांढरा, मोतिया, क्रीम, हस्तिदंती असे किंचित उबदार पांढरे, फिकट पिवळा, पीच, पिस्ता, आकाशी असे हलके रंग, आणि अलीकडे आवडीने निवडले जाणारे गडद निळे, हिरवे किंवा विटकरी रंग. बहुतेक रंगारी डोळे झाकून पहिला पर्याय सुचवतात. तो सल्ला चुकीचा नाही. मात्र पांढऱ्यामुळे उजेडात किती भर पडते आणि त्यासाठी काय गमवावे लागते, हे त्यात सांगितलेले नसते.

रंगाच्या कंपन्या प्रत्येक छटेला एक परावर्तन मूल्य देतात, ज्याला दुकानात 'एलआरव्ही' म्हणतात. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के उजेड ती भिंत परत खोलीत फेकते, हे या आकड्यावरून कळते. शुभ्र पांढऱ्यासाठी तो साधारण ८५, मोतिया किंवा क्रीमसाठी ७५ च्या आसपास, हलक्या रंगांसाठी ५५ ते ७० आणि गडद निळ्या किंवा बाटलीहिरव्या रंगासाठी १० किंवा त्याहूनही कमी असतो. नुसते हे आकडे पाहून पांढऱ्याची बाजू भक्कम वाटते, परंतु खोलीत केवळ रंगवलेल्या भिंती नसतात. खिडकीतून आलेला उजेड भिंत, छत, फरशी, कपाट यांवर पुन्हापुन्हा आदळत राहतो, आणि या सगळ्या पृष्ठभागांचे मिळून जे सरासरी परावर्तन होते, त्यावर खोलीचा एकूण उजेड ठरतो. त्याचे गणित सोपे आहे. ही सरासरी दशांशात लिहून (६० टक्के म्हणजे ०.६) १ मधून वजा करावी आणि उरलेल्या संख्येने १ ला भागावे. आलेल्या पटीत आत शिरलेला उजेड वाढतो.

उदाहरणादाखल १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची शयनखोली घेऊ. छत पांढरे आहे, फरशी फिकट असली तरी पलंगाने बरीचशी व्यापलेली असल्यामुळे तिचे परावर्तन ४० टक्के धरले आहे, आणि दार, खिडकी व गडद सनमायकाचे कपाट मिळून १२० चौरस फूट जागा केवळ २५ टक्के उजेड परत देते. उरलेल्या भिंती शुभ्र पांढऱ्या असतील तर आलेला उजेड सुमारे २.९ पट होतो, क्रीम असतील तर २.६ पट, ६० मूल्याच्या फिकट रंगाच्या असतील तर २.२ पट आणि गडद असतील तर जेमतेम दीड पट. म्हणजे पांढऱ्याच्या तुलनेत क्रीममध्ये साधारण १२ टक्के उजेड कमी होतो, फिकट रंगात २५ टक्के आणि गडद रंगात जवळजवळ निम्मा. बारा टक्क्यांची घट दोन खोल्या शेजारी-शेजारी पाहिल्याशिवाय डोळ्याला सहसा जाणवत नाही. पाव उजेड गेला तर तो जाणवतो, आणि निम्मा गेल्यावर खोलीचा स्वभावच बदलतो.

याच हिशेबात कपाटाची दारे व खोलीचे दार फिकट केले, म्हणजे त्यांचे परावर्तन २५ वरून ६० वर नेले, तर क्रीम भिंती असूनही उजेड ३.१ पटीपर्यंत जातो. गडद कपाट आणि शुभ्र पांढऱ्या भिंती या जोडीपेक्षा तो जास्त आहे. उजेडासाठी भिंती पांढऱ्या करून घेणारी मंडळी त्याच खोलीत गडद अक्रोडी रंगाचे छतापर्यंतचे कपाट उभे करतात, तेव्हा पांढऱ्याचा फायदा त्यांनी स्वतःच कपाटाला देऊन टाकलेला असतो.

उजेडाचा फरक इतका थोडा असेल, तर पांढरा आणि मोतिया यांतील निवड दिसण्यावर करता येते. कमी उजेडात शुभ्र पांढऱ्याची अडचण ही, की खिडकीजवळ उजळ आणि कोपऱ्याकडे मंद होत जाणाऱ्या उजेडाचा उतार त्याच्यावर राखाडी सावलीसारखा उमटतो. मोतिया किंवा क्रीम भिंतीवर तोच उतार त्याच रंगाची थोडी गडद छटा म्हणून दिसतो आणि कोपरे मळल्यासारखे वाटत नाहीत. शिवाय पांढरी भिंत बाहेरून येणाऱ्या उजेडाचा रंग जसाच्या तसा दाखवते. समोरच्या इमारतीची भिंत हिरवट किंवा गुलाबी असेल, तर आत येणारा उजेड तिच्यावरून उसळून आलेला असतो आणि पांढऱ्या खोलीत ती झाक स्पष्ट दिसते. खिडकीबाहेर दाट झाड असले तरी असेच होते. उत्तरेकडील खिडकीतून बहुतांशी आकाशाचा निळसर उजेड येतो. मुंबईच्या अक्षांशावर भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकतो तो मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतच, आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ पावसाळी ढगांत जातो. या निळसर उजेडात पांढरे थंड आणि काहीसे दवाखान्यासारखे वाटते, तर क्रीममधील पिवळसरपणा तो निळेपणा बराचसा शमवतो. चुन्यात नीळ घालून भिंत अधिक पांढरी भासवण्याची जुनी रीत अंगणाच्या लख्ख उजेडात शोभत असे; अंधाऱ्या खोलीत निळसर पांढरा हा मला सर्वांत निरुत्साही पर्याय वाटतो. उलट, खिडकी पश्चिमेला असेल आणि संध्याकाळचे तांबूस ऊन थोडा वेळ का होईना आत येत असेल, तर शुभ्र पांढरा अवश्य विचारात घ्यावा, कारण त्या वेळी क्रीम गरजेपेक्षा पिवळे दिसते.

फिकट रंगांविषयी जास्त सावध राहावे लागते. उजेड कमी झाला की डोळ्याला रंगातील रंगीतपणा कमी जाणवतो. रॉबर्ट हंट या रंगशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये हा परिणाम मांडला आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्यामुळे दुकानातील झगझगीत दिव्याखाली ताजातवाना दिसलेला पिस्ता अंधाऱ्या खोलीत दिवसा विटलेला वाटतो. रात्री दिवे लागले की नेमके उलटे घडते: उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाताना प्रत्येक वेळी त्या रंगात थोडा अधिक रंगतो, आणि कार्डावरच्या चौकोनात सौम्य भासणारा पीच चारही भिंतींवर अंगावर येतो. दिवसा मळकट आणि रात्री भडक, अशी ही दुहेरी गैरसोय टाळण्यासाठी आवडलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकट छटा घ्यावी. या गटात निवड करायचीच असेल, तर फिकट पिवळ्याचे परावर्तन मूल्य बहुधा क्रीमच्या जवळपास असते, म्हणून तो पहिला. आकाशी आणि पिस्ता त्यानंतर. सध्या जिकडेतिकडे दिसणारा राखाडी या खोलीला देऊ नये. त्याचा उजेडही मध्यम आणि रंगही क्षीण. अशा खोलीत तो ढगाळ दिवसाची आठवण देत राहतो.

गडद रंगाचा पर्याय मात्र हसण्यावारी नेऊ नये. ज्या खोलीचा वापर मुख्यतः रात्री होतो, म्हणजे केवळ झोपण्याची किंवा चित्रपट पाहण्याची खोली, तिथे दिवसाच्या उजेडाचा हिशेब फारसा लागू नाही. दोन-तीन ठिकाणी योग्य दिवे लावले तर गडद निळ्या किंवा विटकरी भिंती अतिशय सुंदर दिसतात. परंतु जिथे मुले अभ्यास करतात, शिवणकाम चालते किंवा वयस्कर माणसे दिवसभर वावरतात, तिथे गडद रंग म्हणजे कायम जादा दिवे जाळणे होय. एकच भिंत गडद करण्याची हौस असेल, तर ती कोणती हे फार महत्त्वाचे आहे. खिडकीसमोरच्या भिंतीवर थेट उजेड सर्वांत जास्त पडतो, आणि आत शिरताच तीच नजरेसमोर येते म्हणून लोक नेमकी तीच गडद करतात. ती फिकट ठेवावी. खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्यावर थेट उजेड जवळजवळ पडत नाही, त्यामुळे ती गडद केल्याने उजेडाचे नुकसान कमी होते. पण उजळ खिडकी आणि काळोखी भिंत यांतील तफावत वाढून डोळ्यांना त्रास होतो. म्हणून खिडकीपासून लांबचा, बाजूच्या भिंतीचा भाग त्यासाठी निवडावा आणि खिडकीभोवतीची भिंतीची जाडी न चुकता पांढरी ठेवावी. छत तर चारही पर्यायांत पांढरेच असावे.

यापैकी काहीही निवडण्याआधी दिवा ठरवणे आवश्यक आहे, कारण अशा खोलीत रंग दिवसातला बराच वेळ दिव्याखालीच पाहिला जाणार असतो. दिव्याच्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. आपल्याकडे अनेक घरांत ६५०० केल्विनचे निळसर पांढरे एलईडी असतात. त्यांच्याखाली शुभ्र पांढरा आणखी थंड दिसतो आणि पिवळ्यात हिरवट झाक येऊ शकते. २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली पांढरा आपोआप क्रीमसारखा दिसतो, क्रीम गडदावते आणि आकाशी निस्तेज होतो. मोतिया भिंतींसोबत ४००० केल्विनचा दिवा मला सर्वांत समतोल वाटतो. रंग नीट दिसावेत यासाठी दिव्याचा रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ८० ऐवजी ९० किंवा अधिक असलेला घ्यावा; थोडे जास्त पैसे पडले तरी ते वाया जात नाहीत.

चकाकीने उजेड वाढतो हा समज अर्धवट आहे. चकचकीत भिंत एकूण उजेडात फारशी भर घालत नाही, ती खिडकीचे आणि दिव्याचे प्रतिबिंब दाखवते. एका बाजूने तिरपा उजेड येणाऱ्या खोलीत तर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, प्रत्येक उंचसखलपणा तिच्यावर उघडा पडतो. मॅटवर हे दोष लपतात, पण हातांचे डाग पुसणे कठीण जाते. भिंत गुळगुळीत असेल तर हलकी साटन चकाकी आणि नसेल तर धुता येणारे मॅट इमल्शन घ्यावे.

कमी उजेडाच्या खोलीत हवाही बहुधा कमीच खेळते, त्यामुळे कोकणपट्टी आणि मुंबईच्या पावसाळ्यानंतर भिंतीत ओल राहिलेली असते. दसरा-दिवाळीच्या घाईत त्या ओलीवरच रंगाचे दोन हात मारले, तर पांढरा काय आणि मोतिया काय, दोन्हींना फुगे येतात आणि बुरशीचे काळे ठिपके उमटतात. ओलीचे मूळ आधी शोधून दुरुस्त करावे, भिंत पूर्ण वाळू द्यावी, आणि शक्य असल्यास रंगकाम हिवाळ्यात ठेवावे.

शेवटच्या दोन-तीन छटा उरल्या की नमुन्याची छोटी बाटली आणून दोन फूट लांबी-रुंदीच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर तिचे दोन हात द्यावेत. थेट जुन्या रंगीत भिंतीवर पट्टा मारला तर शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. तो पुठ्ठा उभा धरून खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या भिंतीवर आणि सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात सकाळी, दुपारी आणि रात्री नेहमीच्या दिव्याखाली पाहावा. कोपऱ्यात जी छटा मळकट दिसेल ती बाद करावी, मग ती इतरत्र कितीही छान दिसो. निवडलेल्या छटेचा क्रमांक डब्यावरून उतरवून ठेवावा; मोतियाच्या नावाखाली प्रत्येक कंपनीची छटा वेगळी असते, आणि पुढे एखाद्या डागावर हात मारताना त्या क्रमांकाशिवाय तोच रंग मिळत नाही.