यूकेला पार्सल: कुरियर, एजंट की स्पीड पोस्ट? तिकडच्यांना बिल येऊ नये म्हणून

दिवाळीच्या आधी बरेच जण विचारतात की यूकेला पार्सल कशाने पाठवायचं. माझी बहीण तिकडे असते, त्यामुळे पुण्याहून फराळ, कपडे, दिवाळी अंक असं काही ना काही जात असतंच. तिन्ही मार्ग वापरून झालेत. वेळ आणि रेट कुठेही विचारले तर कळतात, म्हणून ते सोडून देतो. मी फक्त एकाच गोष्टीवर लिहितोय, ते म्हणजे पार्सल पोचल्यावर घेणाऱ्याच्या खिशातून किती जातं.

आधी नियम. एका खाजगी माणसाने दुसऱ्या खाजगी माणसाला पाठवलेली भेट ३९ पौंडांपर्यंतची असेल तर ब्रिटनमधे त्यावर ड्युटीही नाही आणि व्हॅटही (तिकडचा जीएसटीसारखा कर) नाही. म्हणजे आपले साधारण साडेचार हजार रुपये धरा. त्याच्या वर गेलं की व्हॅट फक्त वरच्या फरकावर नाही, अख्ख्या किमतीवर लागतो. ४५ पौंडांची साडी पाठवली तर २० टक्क्याने ९ पौंड व्हॅट, आणि तो गोळा करण्याची रॉयल मेलची, म्हणजे तिकडच्या पोस्टाची, फी ८ पौंड, म्हणजे मर्यादेवर ६ पौंड गेले म्हणून ताईला १७ पौंड भरावे लागणार. १३५ पौंडांच्या वर गेलं की ड्युटीचा विषय सुरू होतो, पण घरगुती पार्सल सहसा तिथपर्यंत जात नाही. आणि हो, तिकडच्याने स्वतः इकडच्या दुकानातून ऑर्डर करून मागवलं तर ती भेट नाही, खरेदी आहे, तिथे ही ३९ ची सवलत विसरा.

आता कुरियर. तीन-चार दिवसात पोचतं, ट्रॅकिंग एक नंबर, पॅकिंगही तेच करून देतात, आणि पासपोर्ट किंवा व्हिसाची कागदपत्रं असतील तर मी आजही डोळे झाकून कुरियरनेच पाठवेन. पण सामानाच्या बाबतीत मला एका गोष्टीचा फार त्रास झाला आणि खरं सांगायचं तर तिथेच माझा निर्णय झाला. काउंटरवर इनव्हॉइस त्यांचा माणूस बनवतो. आपण त्याला सांगतो की भेट आहे, बहिणीला चाललंय, तो हो म्हणतो, आणि कॉम्प्युटरवर जो फॉरमॅट आधीपासून भरलेला असतो त्यात 'सॅम्पल' असं काहीतरी पडतं, किमतीचा आकडाही तोच अंदाजाने टाकतो, आपल्या हातात येते ती नुसती पावती. मग तिकडे कस्टम्सला हे भेट आहे हे कळणार कुठून? पार्सल घरी पोचलं, सगळे खूश, आणि काही दिवसांनी ताईला मेसेज की तुमच्या वतीने आम्ही व्हॅट भरलाय, तो आणि वर आमची फी भरा. फी व्हॅटपेक्षा जास्त होती. तिने भरली आणि मला सांगितलंही नाही, मला मेव्हण्यांकडून कळलं. भाऊबीजेची ओवाळणी आपण पाठवायची आणि तिने त्याचे पैसे भरायचे, हे मला अजिबात पटलं नाही. ड्युटी पाठवणाऱ्यानेच भरायची सोय असते, तिला डीडीपी म्हणतात, पण ती बहुतेक खातं असलेल्या कंपन्यांसाठी असते, गल्लीतल्या फ्रँचायझीत मला तरी कोणी दिली नाही.

एजंटचा मार्ग वाईट नाही. फराळाच्या सीझनला किलोवर रेट, घरून उचलणार, ड्युटीसकट घरपोच. तीसेक किलो सामान असेल, कोणाचं लग्न वगैरे असेल, तर कदाचित हाच सोयीचा पडेल. मला खटकतं ते एवढंच की कागदावर काय लिहिलंय ते इथेही आपल्याला दिसत नाही, ड्युटीसकट हे तोंडी असतं, आणि मधे काही अडलं तर फोन लावत बसायचं. बुकिंग करणारच असाल तर ड्युटी आणि क्लिअरन्स आमच्याकडे असं व्हॉट्सॅपवर तरी लिहून घ्या.

स्पीड पोस्ट, म्हणजे ईएमएस, दिसायला सगळ्यात जुनाट. रांग असते, आधारची झेरॉक्स लागते, कापडात शिवून न्या असं अजूनही काही ठिकाणी सांगतात, पोचायला माझ्या अनुभवात आठवडा ते दोन आठवडे. पण सीएन २३ हा कस्टम्सचा फॉर्म मी भरतो. भेट या चौकटीत खूण मी करतो, प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, नग, वजन, किंमत मी लिहितो, आणि काउंटरवर तेच टाइप होतंय ना ते समोर उभं राहून बघतो. नुसतं 'फूड आयटम' किंवा 'क्लोथ' लिहू नका, तिकडच्या माणसाला कळेल असं 'हँडमेड कॉटन कुर्ता, १ नग' असं लिहा. किंमत खरीच लिहा, कमी दाखवलेली पकडली तर ते स्वतः ठरवतात, आणि पार्सल हरवलं तर भरपाई मागताना तोच कमी आकडा आडवा येतो.

आणखी एक गोष्ट खूप कमी लोकांना माहीत असते. एकाच खोक्यात तिघांच्या भेटी असतील, प्रत्येकाची वेगळी बांधलेली, वर त्या त्या माणसाचं नाव, आणि फॉर्मवरही वेगवेगळी नोंद, तर ३९ पौंडांची मर्यादा प्रत्येकाला वेगळी मिळते. म्हणजे ताईची साडी, मेव्हण्यांचा कुर्ता आणि भाचीचं परकर-पोलकं एकाच खोक्यात आरामात बसतं. लहान मुलांच्या कपड्यांवर आणि छापील पुस्तकांवर तिकडे व्हॅट शून्य आहे, त्यामुळे दिवाळी अंक बिनधास्त टाका, फक्त ओळ वेगळी करा. पेढे, बर्फी, खव्याचं काही घालू नका, भारतातून दुधाचे पदार्थ पोस्टाने चालत नाहीत. तुपातलंही मी टाळतो, चकली, चिवडा, शंकरपाळे तेलातले.

पोस्टानेही कधीतरी चार्ज येऊ शकतो, नाही येणारच असं मी म्हणणार नाही. ईएमएस तिकडे पार्सलफोर्स ही पार्सल कंपनी घरी पोचवते आणि त्यांची फी रॉयल मेलपेक्षा थोडी जास्त आहे. पण तिथे आधी कळवतात, पैसे भरले की मग पार्सल देतात, आणि चुकीचा आकारलाय असं वाटलं तर बॉर्डर फोर्सकडे, म्हणजे तिकडे सीमेवर कस्टम्सचं काम बघणाऱ्या खात्याकडे, बीओआर २८६ हा फॉर्म भरून परत मागता येतो. त्यासाठी पुरावा म्हणून तुमचा सीएन २३ लागतो, म्हणून पोस्टातून निघायच्या आधी त्याचा फोटो काढून ताईला, दादाला, ज्याला पाठवताय त्याला पाठवून ठेवा. तीन दिवसात पोचायलाच हवं असेल तर कुरियर करा, पण इनव्हॉइस प्रिंट होण्याआधी स्क्रीनवर वाचून घ्या आणि 'गिफ्ट' शब्द दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.