मॅक ओएस ९ वर मेमरी कमी पडते: आकडा वाढवावा, व्हर्च्युअल मेमरी लावावी की रॅम घालावी?

जुन्या क्वार्क (पानांची मांडणी करायचा प्रोग्राम) किंवा फोटोशॉप फायली उघडता याव्यात म्हणून मॅक ओएस ९ चं, म्हणजे अॅपलच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचं, मशीन जपून ठेवलं असेल, तर 'मेमरी पुरेशी नाही' हा संदेश ओळखीचा असेल. त्यावर उपाय चार आहेत, पण ते एकमेकांची जागा घेत नाहीत.

आधी या सिस्टीमची रीत समजून घ्या. इथे प्रोग्राम सुरू होतानाच त्याला ठरावीक जागा मिळते आणि तो बंद होईपर्यंत सहसा तेवढ्यातच भागवतो. शेजारी ४० एमबी मोकळी पडलेली असली तरी प्रोग्राम 'मेमरी नाही' म्हणून रडतो, ते त्यामुळेच.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. प्रोग्राम बंद करा, त्याचं आयकॉन निवडून कमांड-आय दाबा, म्हणजे 'गेट इन्फो'ची खिडकी उघडते. मॅक ओएस ८.५ पासून पुढच्या आवृत्त्यांत तिथल्या मेनूतून 'मेमरी' निवडावं लागतं. 'प्रिफर्ड साइझ'चा आकडा (तो के, म्हणजे किलोबाइटमध्ये असतो) आधी पाव पटीने वाढवून बघा. 'मिनिमम'ला हात लावू नका. तो कमी केला तर प्रोग्राम सुरू होईल, पण कधी कोसळेल याचा नेम नाही. वाढवून दिलेली जागा प्रोग्रामने वापरली नाही तरी ती इतरांना मिळत नाही, ही या उपायाची किंमत. अॅपल मेनूतल्या 'अबाउट धिस कॉम्प्युटर'मध्ये प्रत्येक प्रोग्रामची पट्टी दिसते. ती काठोकाठ भरलेली असेल तरच आकडा वाढवा, अर्धी रिकामी असेल तर उलट कमी करा. तिथेच 'लार्जेस्ट अनयूज्ड ब्लॉक' बघा. प्रोग्राम उघडत-मिटत राहिलं की मोकळ्या जागेचे तुकडे पडतात, आणि नव्या प्रोग्रामला सलग जागा लागते. अशा वेळी सगळं बंद करून मशीन रीस्टार्ट करणं हाच सोपा मार्ग.

व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरणं, याबद्दल मतं टोकाची आहेत. माझं मत: पॉवरपीसी प्रोसेसरच्या मॅकवर ती चालू ठेवा, पण प्रत्यक्ष रॅमपेक्षा फक्त १ एमबी जास्त. ती चालू असली की पॉवरपीसी प्रोग्रामचा कोड गरजेप्रमाणे डिस्कवरून वाचला जातो आणि प्रोग्रामला लागणारी जागा घटते. किती घटेल ते गेट इन्फोच्या खिडकीत तळाशी लिहिलेलं असतं. रॅमच्या दुप्पट लावलीत तर डिस्क खरखरत बसेल, शिवाय लावलेल्या पूर्ण आकाराची फाइल डिस्कवर जागा अडवते. फोटोशॉप हाच मुख्य उद्योग असेल तर मात्र ती बंदच बरी. त्याची स्वतःची स्क्रॅच डिस्क (तात्पुरत्या कामासाठी डिस्कवरची जागा) असते, आणि दोघांची डिस्कवरून ओढाताण होते.

कनेक्टिक्स कंपनीचा रॅम डबलर (१९९४) हा प्रोग्राम आता कुणी मुद्दाम शोधू नये. तो मेमरी दाबून बसवतो, त्यामुळे चार-पाच छोटे प्रोग्राम एकत्र उघडतात. एका मोठ्या प्रोग्रामला त्याचा उपयोग नाही. अॅपलच्या व्हर्च्युअल मेमरीबरोबर तो चालतही नाही. रॅम वाढवता न येणाऱ्या जुन्या मशीनवरच त्याला अर्थ.

राहिली खरी रॅम. ३२ किंवा ६४ एमबीचं मशीन असेल तर मी आकड्यांशी खेळत बसणार नाही, कारण ओएस ९ स्वतःच त्यातला मोठा वाटा घेते. निळ्या-पांढऱ्या पॉवर मॅक जी३ मध्ये चार खाचा आहेत, पीसी१०० जातीची रॅम १ जीबीपर्यंत बसते. १९९८ च्या पहिल्या आयमॅकला लॅपटॉपसारखी छोटी पट्टी लागते, तर १९९९ च्या अखेरीस आलेल्या, सीडी थेट आत सरकवायच्या आयमॅकला पूर्ण लांबीची. घेण्याआधी मॉडेल तपासा. १.५ जीबीच्या वरची रॅम ओएस ९ वापरत नाही, तेवढा खर्च वाया.

आणि रॅम बसवल्यावर गेट इन्फोतले आकडे आपोआप वाढत नाहीत. क्वार्कला पूर्वीएवढीच जागा मिळत राहते, तुम्ही बदलेपर्यंत.