डबा ओरिजिनल, आत डुप्लिकेट: चेनसॉवाल्यांनो, सावध

लोकल पार्टवर माझा राग नाही, हे आधी सांगतो. चेन, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), स्टार्टरची दोरी मी कायम लोकलच घेत आलोय. कोकणात लाकूडतोडीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, दर वेळी कंपनीचा माल परवडत नाही. पण लोकल माल लोकलच्या भावात घ्यायचा असतो. मला तो ओरिजिनलच्या भावात विकला, तोही हसतहसत.

माझं चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं पेट्रोलवरचं मशीन, परदेशी कंपनीचं. ऐन मे महिन्यात सीझ झालं, म्हणजे पिस्टन आत अडकून जाम. पावसाआधी घरांवर आलेल्या फांद्या उतरवायची कामं अंगावर, लोकांचे फोनवर फोन. तालुक्याच्या दुकानदाराने सिलिंडर उघडून दाखवला. "रेघा पडल्यात काका, किट बदलावंच लागेल." सिलिंडर-पिस्टनचं किट 9,800, कार्बोरेटर 3,400, मजुरी 1,200. एकूण 14,400 रुपये. वर त्यानेच विचारलं, "लोकल टाकू का? चार हजारांत उरकतो." नको म्हणणारा मीच. आता सांगा, स्वस्तातला माल स्वतःहून पुढे करणाऱ्यावर कोण संशय घेईल? भल्याभल्यांनी घेतला नसता.

डबा हुबेहूब होता. नाव, पार्ट नंबर, सगळं जागच्या जागी. फक्त एमआरपी नव्हती, आयातदाराचं नाव-पत्ताही नव्हता, महिना-वर्षही नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, "थेट कंपनीतून येतो, स्टिकर नसतो." सिलिंडर हातात घेतला तेव्हा एक्झॉस्टच्या खिडकीची, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकाची, कड बोटाला खरखरीत लागली. ओरिजिनलची कड गुळगुळीत, किंचित उतरती असते, हे मला माहीत होतं! तरी तो सिलिंडर परत काउंटरवर ठेवून म्हटलं, बसव लवकर. ते आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

जुना सिलिंडर मागितला, तर "भंगार नेऊन काय करणार?" जुना पार्ट कधीही सोडू नका. त्या रेघा बऱ्याचदा पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटून आलेल्या असतात. जाणकार मिस्त्री ॲसिडने ते काढून नुसता पिस्टन बदलून देतो. माझा सिलिंडर आज कुणाच्या मशीनमध्ये फिरतोय, देव जाणे.

महिनाही टिकलं नाही. दुसऱ्या मिस्त्रीने उघडून दाखवलं: खिडकीजवळ आतला मुलामा पापुद्र्यासारखा सुटलेला, त्यात रिंग अडकून तुटलेली. तेच किट त्याच्याकडे 2,100 ला, कार्बोरेटर 650 ला. म्हणजे 2,750 च्या मालाचे माझ्याकडून 13,200 घेतले. 10,450 रुपयांना सरळ चुना.

दुकानदार म्हणे, "ऑइल कमी घातलंत." मी पेट्रोलमध्ये मिसळायचं साधं टू-टी ऑइल वापरतो, लिटरला 40 मिली, मापाच्या बाटलीने. मला शिकवतोय!

बिल? कच्चं. "पक्क्यावर 18 टक्के जीएसटी लागेल," म्हणाला. 2,592 रुपये वाचतात म्हणून कोऱ्या कागदावर भागवलं. तुम्ही भागवू नका.

पोलीस ठाण्यात गेलो, तर "ही दिवाणी बाब आहे." नकली ट्रेडमार्कचा माल विकणं 1999 च्या कायद्याने गुन्हा आहे म्हटलं, तर "मग कंपनीला येऊ दे." कंपनीला मेल केला, तर "तो आमचा अधिकृत विक्रेता नाही." विषय संपला! डब्यावर एमआरपी-पत्ता छापलाय का हे बघणाऱ्या वजनमापवाल्यांकडे डबा घेऊन गेलो. साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेलो, साहेब मीटिंगमध्ये. ग्राहक तक्रारींच्या टेबलावर तर कमालच: "मशीनवर कमावता ना? मग तुम्ही ग्राहक नाही." अहो, स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच, असं 2019 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. छापील पान पुढे केलं, तर म्हणे, "वकील आणा." वकील लागतच नाही आणि 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीही नाही, हे यांना मी सांगायचं? तरी वकिलाला विचारलं. 8,000. पगार यांना कशाचा मिळतो?

शेवटी तक्रार ऑनलाइन टाकली. मुदत दोन वर्षांची असते, झोपून राहू नका. दुकानदाराचा निरोप आलाय, 3,000 घ्या आणि मिटवा. घेतले नाहीत. सिलिंडर, रिकामा डबा आणि तो कोरा कागद माझ्याकडे जपून आहे. आमच्या तालुक्यात आणखी कुणाकडे असा बिनएमआरपीचा डबा पडला असेल, तर चुलीत घालू नका, मला कळवा. तक्रारीला जोडायचाय.