बेलार्मिन, मिटी की व्हॅली ख्रिश्चन? खेळणाऱ्या मुलांच्या बे एरियातल्या आईबापांसाठी

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत आठवीतल्या मुलांचे आईबाप लगेच ओळखू येतात. चकलीपेक्षा त्यांचं लक्ष पुढच्या माणसाचा मुलगा कुठल्या शाळेत आहे याकडे जास्त असतं. नववीपासूनच्या खाजगी हायस्कूलचे अर्ज हिवाळ्यात, निकाल मार्चमध्ये, त्यामुळे हे दोन-तीन महिने घरात दुसरा विषय नसतो. आमच्या घरातून हे वारं दोनदा गेलंय. थोरला शेवटी घराजवळच्या सरकारी शाळेत गेला. धाकटीच्या वेळी मात्र सॅन होजेतल्या ख्रिस्ती शाळांचे उंबरे झिजवले. खेळ तिच्यासाठी महत्त्वाचा, म्हणून हा आढावाही खेळाच्या अंगानेच. अभ्यासाचं बेलार्मिन, मिटी आणि व्हॅली ख्रिश्चन या तिन्हीकडे ठीक आहे, त्यावर शाई खर्च करत नाही.

बेलार्मिनपासून सुरुवात करते, कारण इतिहास तिथे सगळ्यात लांबलचक आहे. कॅलिफोर्निया राज्य झालं सप्टेंबर 1850 मध्ये. पुढच्याच वर्षी, 1851 साली, फादर जॉन नोबिली या जेझुइटाने (जेझुइट म्हणजे कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) सांता क्लाराच्या जुन्या स्पॅनिश मिशनमध्ये कॉलेज सुरू केलं. आजचं सांता क्लारा विद्यापीठ आणि बेलार्मिन शाळा ही त्याच एका खोडाची दोन झाडं. शाळेचा भाग 1925 मध्ये सॅन होजेत आला, तोही आयत्या जागेत: पॅसिफिक विद्यापीठ स्टॉकटनला निघून गेलं होतं आणि त्याचं आवार मोकळं होतं. कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिनचं नाव 1928 मध्ये लागलं. पॅसिफिकच्या त्या जुन्या आवाराची एक खूण अजून शिल्लक आहे. शाळेला खेटून कॅलट्रेन या इथल्या लोकल रेल्वेचं ‘कॉलेज पार्क’ स्टेशन आहे. तिथे दिवसभरात मोजक्याच गाड्या थांबतात, त्याही शाळेच्या वेळा पाहून. मुंबईत लोकलने शाळेत गेलेल्या बापांना हे ऐकूनच भरून येतं, असा माझा अनुभव आहे.

जेझुइट हा शब्द आपल्याला नवा नाही. पुण्यात सेंट व्हिन्सेंट किंवा लॉयोला, मुंबईत झेवियर्स: शिस्त कडक, ग्रंथालय मोठं, मैदान त्याहून मोठं. बेलार्मिनमध्ये तोच घाट दिसतो, फक्त मैदानाशेजारी तरण तलाव आहे आणि खरा दबदबा त्या तलावाचा आहे. उत्तर कॅलिफोर्नियाच्या या पट्ट्यातल्या शाळांची सेंट्रल कोस्ट सेक्शन नावाची विभागीय स्पर्धा असते. मुलांच्या पोहण्यात बेलार्मिनने ती दशकानुदशके स्वतःच्या मालकीची असल्यासारखी वापरली आहे.

पाब्लो मोरालेस याच शाळेचा. क्यूबातून आलेल्या आईबापांचा मुलगा. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रिलेचं सुवर्ण आणि दोन रौप्य. 1988 ला तो अमेरिकेच्या संघातच आला नाही. पोहणं सोडलं, कायदा शिकायला गेला. आपल्याकडे इथे गोष्ट संपली असती, मुलगा मार्गाला लागला म्हणून पेढेही वाटले असते. तो मात्र अभ्यास मध्येच थांबवून परत पाण्यात उतरला आणि 1992 मध्ये बार्सिलोनाला, वयाच्या 27 व्या वर्षी, 100 मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेऊन आला. मुलाला शाळेची माहितीपुस्तिका वाचायला देण्यापेक्षा हे सांगा.

मिटीचं कुळ वेगळं. ही शाळा 1964 ची, सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप जॉन मिटी यांच्या नावाची. तेव्हा सॅन होजेला स्वतःचा धर्मप्रांतही नव्हता, तो 1981 मध्ये झाला. सुरुवातीला हीसुद्धा मुलांचीच शाळा होती, मुली नंतर आल्या. आणि गंमत बघा, आज तिचं नाव देशभर आहे ते मुख्यतः मुलींमुळे.

त्यामागे एक कायदा आहे. ‘टायटल नाइन’ हा 1972 चा केंद्रीय कायदा, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायला बंदी घालणारा. कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले, त्यांना खेळाडू हव्यात म्हटल्यावर शाळांच्या पातळीवरही मागणी तयार झाली. मिटी त्या लाटेवर नेमकी वेळेत चढली. ब्रँडी चॅस्टेन इथली. 10 जुलै 1999 ला पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये 90,185 लोकांसमोर चीनविरुद्ध महिला फुटबॉल विश्वचषकाची शेवटची पेनल्टी मारणारी तीच. केरी वॉल्श इथली, बीच व्हॉलीबॉलची तीन ऑलिंपिक सुवर्णं: 2004, 2008, 2012. बास्केटबॉलमधली हेली जोन्सही. मुलांमध्ये ॲरन गॉर्डन आहेच, 2023 मध्ये डेन्व्हरबरोबर एनबीए जिंकलेला. तरी मिटीच्या जिममध्ये मुलींच्या सामन्याला जी गर्दी आणि जो आवाज असतो, तो ऐकून माझी लेक बाहेर येताना गप्प होती. ती गप्प असते तेव्हा तिचं ठरलेलं असतं. मुलीसाठी शाळा बघताय, तिचा खेळ बास्केटबॉल, व्हॉलीबॉल किंवा सॉकर आहे, तर बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. (बेलार्मिन मुलांची शाळा, त्यामुळे तुलनेत ती तशीही बाद.)

व्हॅली ख्रिश्चन 1960 ची, प्रोटेस्टंट, इव्हँजेलिकल वळणाची. दक्षिण सॅन होजेत टेकडीवर आवार, वरून अख्खं खोरं दिसतं. वेस्ट कॅथलिक ॲथलेटिक लीग या कॅथलिक शाळांच्या लीगमध्ये ही एकटीच बिगरकॅथलिक आहे, म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत बसून पोटभर जेवणारी. शाळेतल्या मुलांनी बनवलेले प्रयोग आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जातात आणि आपल्या लोकांना ती टेकडी चढायला लावते ती बहुतेक हीच गोष्ट. खेळाच्या बाबतीत सुविधा पहिल्या नंबरच्या आहेत. इतिहास मात्र बाकी दोघींइतका अंगावर येत नाही.

आता गणित, कारण खरी गोम इथे आहे.

तिन्ही शाळा ज्यात खेळतात ती ही कॅथलिक लीग अतिशय कडक आहे. मुलांच्या बास्केटबॉलचं बघा: नववीचा संघ, जेव्ही (दुय्यम संघ) आणि व्हर्सिटी (शाळेचा मुख्य संघ), प्रत्येकी फार तर पंधरा जण. सगळ्या मिळून पंचेचाळीस जागा. बेलार्मिनमध्ये साधारण सोळाशे मुलगे. मिटीची पटसंख्या जवळपास तेवढीच, पण त्यात निम्म्या मुली, म्हणून जागेमागे दावेदार निम्मे. त्यातही अनेकजण तिसरी-चौथीपासून क्लबमध्ये खेळलेले. आमच्या ओळखीतला एक मुलगा माध्यमिक शाळेत संघाचा कप्तान होता. अशाच एका नावाजलेल्या खाजगी शाळेत (नाव सांगत नाही) नववीच्या ट्रायआउटला, म्हणजे संघनिवडीला, दुसऱ्याच दिवशी कट झाला. पहिला आठवडा दार लावून बसला. मग क्रॉस-कंट्रीला गेला, तिथे सहसा येईल त्याला घेतात, आणि आता पहाटे उठून पळतो. त्याच्या आईला अजून ते पचलेलं नाही. त्याला पचलंय.

म्हणून ट्रॉफीच्या कपाटापुढे उभं राहून निर्णय घेऊ नका. ते कपाट जितकं भरलेलं, तितकी तुमच्या मुलाची बाकावर बसायची शक्यता जास्त. थोरल्याला आम्ही सरकारी शाळेत ठेवला तो याच हिशेबाने. मध्यम खेळाडू होता, तिथे चारही वर्षं खेळला. त्याच शाळेत त्याने बॅडमिंटनही धरलं. तुमचं मूल बॅडमिंटनचं असेल तर शाळेचा संघ आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. आजूबाजूच्या सरकारी शाळांमध्ये तो खेळ जोरात आहे. क्रिकेटची आशा ठेवू नका. राज्याच्या शालेय महासंघाच्या यादीत तो खेळच नाही, 2028 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये येणार असला तरी. क्रिकेट कुपर्टिनोच्या अकादमीतच.

‘नववीत घालून बघू, नाही जमलं तर दहावीत बदलू’ हा विचारही जपून. घर न बदलता शाळा बदलली की महासंघाचे बदलीचे नियम आडवे येतात, आणि नव्या शाळेत व्हर्सिटीला मुलाला हंगामाचा काही भाग बाहेर बसावं लागू शकतं.

फी तिन्हीकडे वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या पुढे. खेळाच्या शिष्यवृत्तीने कॉलेजात वसूल होईल असं कोणी म्हणालं तर हसून विषय बदला. शालेय खेळाडूंपैकी साधारण सात टक्केच कॉलेजच्या संघात पोचतात. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे नामांकित विद्यापीठं) खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातली, म्हणजे डिव्हिजन थ्री कॉलेजंही देत नाहीत. आर्थिक मदतीचा अर्ज मात्र जरूर भरा. ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून आपले लोक तो भरतच नाहीत.

धर्माबद्दल. सांगलीहून आईचा फोन आला होता, “अगं, रोज चर्चमध्ये नेतात का गं पोरीला?” “रोज नाही गं आई, अधूनमधून मिसा असते.” “मग बसू दे की. तू नाही का शाळेत असताना मिशनच्या बाईंकडे जायचीस गोष्टी ऐकायला?” विषय तिथेच मिटला. जेझुइट आणि धर्मप्रांताच्या शाळांत, म्हणजे बेलार्मिन आणि मिटीत, धर्माचा तास चारही वर्षं असतो, पण त्यात जगातले इतर धर्मही येतात, हिंदू मुलाला वर्गात परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. व्हॅली ख्रिश्चनमध्ये बायबलचा तास आणि चॅपल (सामूहिक प्रार्थना) हा शाळेचा कणा आहे. यात लपवाछपवी काही नाही, शाळेच्या नावातच लिहिलंय. घरात गणपती बसवणाऱ्या कुटुंबाने मुलाशी आधी मोकळं बोलावं, एवढंच. सामन्याआधी संघ गोल करून प्रार्थना करतो, ते मात्र तिन्हीकडे गृहीत धरा.

राहिला रस्ता. सराव संपायला संध्याकाळचे सहा होतात. मिटी 280 महामार्गाला लागून आहे, कुपर्टिनो-सनीवेलवाल्यांना सोयीची. व्हॅलीची टेकडी दक्षिणेला, कारपूल जमल्याशिवाय नावही काढू नका. बेलार्मिनला ती आगगाडी आहे.

माझं मत विचाराल तर: पोहणारा किंवा वॉटरपोलो खेळणारा मुलगा, बेलार्मिन. संघात खेळणारी मुलगी, मिटी. मध्यम खेळाडू, पण खेळायची हौस दांडगी, तर सरकारी शाळा, आणि वाचलेल्या पैशांत उन्हाळ्यात कोल्हापूरला आजोबांकडे दोन महिने. व्हॅली ख्रिश्चन मी खेळासाठी निवडणार नाही, प्रयोगशाळेसाठी कदाचित निवडेन.

आणि ओपन हाउसला जाल तेव्हा शुक्रवार रात्रीचा व्हर्सिटीचा सामना दाखवतील, तो बघाच. पण एकदा मंगळवारी दुपारी चार वाजता नववीच्या संघाचा सामना बघून या. बँड नसतो, प्रेक्षकांत आईबाप आणि एखादी आजी. बाकावर किती मुलं बसलीत आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्यातली किती उठलीत, ते मोजा.